परक्या बंदरातली पहिली लिबर्टी

गेल्या पंधरवड्यात गल्लीतल्या एक वहिनी कागद घेऊन आल्या. मुलगा आपल्या सैनिक स्कूलचा. खडकवासल्याची एनडीए झाली, एळिमलाची नौदल अकादमी झाली, आता कोचीला प्रशिक्षण जहाजावर चाललाय आणि त्यानंतर परदेशी बंदरं. कागदावर यादी होती : स्वेटर, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कंदी पेढे दोन किलो, कानटोपी. "भाऊजी, मॉरिशसला थंडी असते का हो?"

कानटोपी खोडली, चटणी ठेवली. पेढ्यांना दोन किलोवरून पाव किलोवर आणलं. खरं सांगायचं होतं ते मात्र वहिनींना नव्हतं, पोराला होतं. तो घरी नव्हता, कुठं असेल तर अजिंक्यताऱ्यावर पळायला. म्हणून हे लिहून ठेवतोय. त्याच्यासाठी, आणि त्याच्यामागून येणाऱ्या सातारा-सांगलीच्या पोरांसाठी.

आपल्याकडं फौजी सुट्टी सगळ्यांना कळते. फौजींच्या अपशिंगे गावात कुणालाही विचार, आऊटपास म्हणजे काय, रेल्वेचं वॉरंट कसं काढायचं, पहाटे एसटी स्टँडवर उतरलं की पहिला चहा कुठं मिळतो, सगळं सांगतील. जहाजावरच्या पोराची सुट्टी आपल्या मुलखाला तितकीशी ठाऊक नाही. आपलं पाणी म्हणजे माहुलीचा संगम. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यात निघालं, पण समुद्र काही त्याच्याबरोबर आला नाही.

आधी शब्द

जहाज बंदराला लागलं की किनाऱ्यावर जायच्या परवानगीला लिबर्टी म्हणतात. जहाजातून धक्क्यावर उतरायच्या फळीवजा पुलाला ब्रो. ज्यांची पाळी असते ते ड्यूटी वॉच, ते जहाजावरच राहतात. बंदरात जहाज कधीच रिकामं सोडत नाहीत. आग लागली, वारा वाढला, दोर ताणला, तर माणसं हवीत. परतायच्या वेळेनंतर जो येतो तो अ‍ॅड्रिफ्ट. शब्दशः वाहून गेलेला. एक मिनिट उशीर झाला तरी अ‍ॅड्रिफ्ट, एक तास झाला तरी अ‍ॅड्रिफ्ट. फरक पडतो तो नंतरच्या शिक्षेत.

आणखी एक. बंदरात तीन-चार दिवस थांबणार म्हणजे तीन-चार दिवस सुट्टी, असं आईला सांगू नकोस. यजमान नौदलाबरोबर सामना असतो, एकत्र योगासनं असतात, त्यांची जहाजं बघायची असतात, आपलं जहाज बघायला शाळेची मुलं येतात आणि त्यांच्या "हे काय, ते काय"ला उत्तरं द्यायला तुम्हालाच उभं करतात. संध्याकाळी डेकवर पाहुण्यांचा समारंभ. या सगळ्यातून उरलेली एक दुपार किंवा एक रविवार, तेवढीच तुझी लिबर्टी. सहा तास समज. आठ मिळाले तर नशीब.

नियोजन उलटं करायचं

सगळी पोरं विचारतात, "कुठं जायचं?" मी म्हणतो, आधी ठरव परत कसं यायचं.

वही घे. सगळ्यात खाली परतीची वेळ लिही. त्यातून एक तास वजा कर, तो तुझा नाही, बंदराचा आहे. बंदराच्या फाटकापासून जहाजापर्यंतचं अंतर नकाशात दिसतं त्याहून नेहमी लांब असतं, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला तुझी घाई माहीत नसते. मग परतीची बस किंवा गाडी शेवटची कधी सुटते ते लिही, आणि त्याच्या आधीची धर. शेवटची धरायची नाही. यातून जे उरेल त्यात कुठं जायचं ते बसव.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. कॅडेट असताना पोर्ट लुईहून आम्ही तिघं रविवारी बस पकडून उत्तरेला ग्राँ बेच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी असं निळं, की आपल्याला कास तलाव निळा वाटतो याची लाज वाटावी. परत यायला संध्याकाळी थांब्यावर उभे राहिलो. पाच मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. नारळ विकणाऱ्या एका बाईनं शेवटी हातानं खूण करून सांगितलं की आता बस नाही. तिथं रविवारी बसगाड्या लवकर आटोपतात, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. टॅक्सी होती, पण माझे पैसे सकाळीच एका दुकानात कॅसेट प्लेअरवर गेले होते. तिघांचे खिसे झाडून भाडं जमलं. ब्रोवर पोचलो तेव्हा अकरा मिनिटं उशीर.

पुढचं बंदर सेशेल्सचं व्हिक्टोरिया. तीन दिवस मी ते कठड्याला टेकून बघितलं. हिरवे डोंगर, त्यावर ढग, अगदी आषाढातल्या यवतेश्वरासारखे. जवळून कसे आहेत ते मला आजही माहीत नाही. कॅसेट प्लेअर कोचीला पोचायच्या आधीच बंद पडला.

काय घालायचं, खिशात काय

लिबर्टीला गणवेश नाही, मफ्ती. म्हणजे कॉलरचा शर्ट, इस्त्रीची पँट, बंद बूट. जहाजावर सांगतील ते ऐक, पण चप्पल आणि बर्मुडा बॅगेतच राहू दे. ब्रोवरचा अधिकारी तुला वरून खालपर्यंत बघतो आणि परतही पाठवतो, त्यात तुझी वीस मिनिटं जातात.

खिशात जहाजावरून मिळालेलं ओळखपत्र किंवा शोअर पास, आणि एका कागदावर जहाजाचं नाव, धक्क्याचं नाव आणि तिथल्या संपर्काचा क्रमांक. फोनमध्ये आहे म्हणू नकोस, फोनची बॅटरी संपते. परतीच्या टॅक्सीचे पैसे बुटात किंवा आतल्या खिशात वेगळे. ते पैसे नाहीतच असं समजून दिवस काढायचा. दोघांपेक्षा कमी जणांनी जायचं नाही. तिघं उत्तम, एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्याजवळ थांबतो, दुसरा मदत आणतो. सहा जणांचा घोळका मात्र नको. सहा जणांत जेवायचं कुठं यावरच दुपार जाते.

पेढ्यांचं सांगतो. आपला कंदी पेढा भाजलेला, म्हणून टिकतो हे खरं, पण जहाजातल्या दमट हवेत आठवड्यात बुरशी धरतो. पहिल्या दोन दिवसांत मेसमध्ये वाटून टाक. परक्या देशात किनाऱ्यावर दुधाचे पदार्थ नेऊ नकोस, पुष्कळ ठिकाणी चालत नाहीत. कुणाला भेट द्यायची असेल तर शिवरायांची छोटी पितळी मूर्ती ने. हलकी, न सडणारी, आणि काय आहे ते सांगताना तुलाच बोलायला विषय मिळतो.

पहिला तास

धक्क्यावर पाय ठेवलास की जमीन हलेल. हसू नकोस, खरंच हलते. आठ-दहा दिवस समुद्रावर काढले की कान आणि पाय डोलण्याला सरावतात, मग स्थिर जमीनच त्यांना चुकीची वाटते. पाणी पी, सावकाश चाल, लगेच डोंगर चढायला धावू नकोस.

घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेव. लिबर्टीची वेळ जहाजाच्या घड्याळानं मोजतात. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागं, सिंगापूर अडीच तास पुढं. फोन आपोआप वेळ बदलतो, कधी बदलत नाही, आणि याच घोळात पोरं अ‍ॅड्रिफ्ट होतात.

पोर्ट लुई : इथं थोडं रेंगाळू

आपल्या प्रशिक्षण जहाजांच्या वाटेवर हे बंदर पुन्हा पुन्हा येतं, आणि मराठी पोरासाठी याच्याइतकं चांगलं पहिलं बंदर दुसरं नाही. म्हणून याच्यावर जरा जास्त लिहितो.

शनिवार मिळाला तर सकाळीच आप्रवासी घाटावर जा. बंदराला लागूनच आहे. ऊस तोडायला आणि लावायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारानं मजूर आणले, ते इथं उतरले. पहिले १८३४ साली, आणि १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख. युनेस्कोनं २००६ मध्ये ही जागा जागतिक वारशात घेतली. बघायला फार मोठं नाही : काळ्या दगडाच्या भिंती, काही खोल्यांचे अवशेष आणि घाटाच्या पायऱ्या. बोटीतून उतरलेला माणूस त्या पायऱ्या चढला की त्याला क्रमांक मिळायचा. तू पण बोटीतूनच उतरला आहेस. फरक एवढाच की तुझी परतीची वेळ ठरलेली आहे. रविवारी जाऊ नकोस, बंद असतं.

त्या मजुरांत आपल्याकडचेही होते, कोकणपट्टीतले जास्त. त्यांची पतवंडं आज स्वतःला मराठी म्हणवतात. त्यांची मंडळं आहेत, मंदिरं आहेत, शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. मला एक आजी भेटल्या होत्या एका देवळात. आरती सबंध पाठ, एक शब्द चुकला नाही. मी आपला उत्साहात "आजी, पाणी मिळेल का?" विचारलं, तर माझ्याकडं बघत राहिल्या. घरात क्रिओल ही तिथली बोली बोलतात. मराठी देवापुरतं राहिलेलं. नातीनं भाषांतर केलं तेव्हा पाणी आलं, आणि त्याबरोबर वाटीभर खीर. तेव्हा कुणी मराठी आहे म्हटलं की लगेच साताऱ्याच्या बोलीत सुटू नकोस. सावकाश बोल. आणि "तुमचं गाव कुठलं" विचारलंस तर उत्तर येईलच असं नाही. पुष्कळांच्या पणजोबांचं नुसतं नावच पुढं आडनाव झालेलं आहे, गाव कागदातच राहून गेलं.

घाटावरून सेंट्रल मार्केट चालत दहा-पंधरा मिनिटं. तिथं डोल पुरी खायची. तिला आपण डाळपुरी म्हणू. आत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं वाटलेलं सारण, पोळी पातळ, वर वालासारख्या शेंगांची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीची चटणी. पुरणपोळीची तिखट चुलतबहीण. एक मागितलीस तरी दोन देतात, जोडीनंच विकतात. मिरचीची चटणी "थोडी" म्हणून सांग. सातारकर आहेस म्हणून छाती काढू नकोस, मी काढली होती. शेजारीच गातो पिमाँ नावाचे डाळवडे मिळतात, तेही घे. वडा म्हणून माग, हसतील आणि देतील.

पोट भरलं की सिटाडेल. टेकडीवरचा किल्ला, नाव फोर्ट अ‍ॅडलेड, इंग्रजांनी १८३४ ते १८४० मध्ये बांधलेला. अजिंक्यताऱ्यावरून सातारा दिसतो तसं वरून सगळं शहर दिसतं : बंदर, तुझं जहाज, आणि मागच्या बाजूला शाँ द मार्सचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, १८१२ पासूनचं. किल्ला म्हणून फार अपेक्षा ठेवू नकोस. आपल्या डोळ्यांना तो तालुक्याच्या कचेरीसारखा वाटतो. पण वर गेल्यावर एक गंमत बघ. भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो, कारण तू विषुववृत्ताच्या खाली आला आहेस. डिसेंबरच्या आसपासचे दोनेक महिने सोडले तर असंच. दिशा सूर्यावरून ओळखायची लहानपणची सवय इथं फसवते. नेव्हिगेशनच्या वर्गात हे शिकलेला असतोस, पण आपली सावली चुकीच्या बाजूला पडलेली बघितल्याशिवाय पटत नाही.

वेळ उरला तर कोदाँच्या धक्क्याजवळ ब्लू पेनी म्युझियम आहे. तिथं १८४७ ची दोन टपाल तिकिटं आहेत. उजेडानं रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दिवा तासातून दहाच मिनिटं लावतात. दारात आधी वेळ विचार, नाहीतर नक्कल बघून परत यावं लागतं.

शनिवारी दुपारनंतर पोर्ट लुई रिकामं व्हायला लागतं, दुकानं बंद होतात. रविवारी तर आपल्या राजवाड्यावर संचारबंदी लागल्यासारखं. म्हणून रविवार मिळाला तर समुद्रकिनारा, पण बसची वेळ जाताना विचारून ठेव. वर सांगितलंच आहे.

पोहण्याबद्दल. कृष्णेत पोहायला शिकलेल्या पोराला पाण्याची भीती नसते, तोच धोका. नदीला एक दिशा असते. इथं प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं पाणी शांत दिसतं, पण त्या भिंतीला जिथं फट असते तिथून ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि माणसाला घेऊन जातं. स्थानिक लोक जिथं पोहतात तिथंच उतर. जिथं कुणी नाही तिथं का नाही, याचा विचार कर. शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून बॅगेत टाकू नकोस. पुष्कळ देशांत गुन्हा आहे, आणि कोचीला कस्टमवाले बॅग उघडतात.

पैसे

मॉरिशसचं चलनही रुपयाच. पण तो आपला रुपया नव्हे, जवळजवळ दुप्पट भारी. पाटीवर दोनशे लिहिलेलं बघून स्वस्त म्हणू नकोस. फेब्रुवारी २०२४ पासून तिथं रुपे कार्ड आणि यूपीआय सुरू झालंय, मोठ्या दुकानात विचारून बघ. डाळपुरीच्या गाडीवर रोखच लागतात.

खरेदी शेवटी. आधी केलीस तर दिवसभर ओझं वाहायचं आणि परतीचं भाडं नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू तर घेऊच नकोस. साताऱ्यात पोवई नाक्यावर मिळते तीच वस्तू, आणि बिघडली तर तिथल्या दुकानदाराला जाऊन धरता येतं.

दारूचं मी उपदेश करणार नाही, वय आणि नियम तुला माहीत आहेत. एवढंच : ब्रो चढताना अधिकारी तुझ्या तोंडाचा वास घेत नाही, तुझे पाय बघतो.

बाकीची बंदरं, थोडक्यात

सिंगापूरला बाजार म्हणून सगळे लिटल इंडियाला धावतात. जा, इडली खा. पण तिथं शनिवारी सकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत उघड्यावर दारू पिणं बेकायदा आहे, आणि ई-सिगारेट तर देशभर. मेट्रोत खाणं-पिणं दोन्हीला दंड. तासभर काढून एस्प्लनेड पार्कमध्ये जा. आझाद हिंद सेनेचं स्मारक नेताजींनी १९४५ मध्ये तिथं उभारायला घेतलं होतं, इंग्रजांनी परत येताच ते पाडलं. आज त्या जागी माहितीचा फलक आहे. बघायला पाच मिनिटं लागतात.

मस्कतला आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणजे तुझा रविवार हा त्यांचा कामाचा दिवस. मुत्रहचा बाजार बंदराजवळच आहे, पण दुपारी दुकानं बंद असतात, संध्याकाळी जा. गुडघे, खांदे झाकलेले ठेव. गाड्या उजव्या बाजूनं चालतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ, आपली मान सवयीनं उजवीकडे वळते.

मोंबासाला फोर्ट जीझस, पोर्तुगीजांचा. तिथं चहाला चायच म्हणतात आणि चपातीला चपातीच. उपाशी राहणार नाहीस.

फोन

हा भाग घरच्यांनीही वाचावा. २०१९ च्या डिसेंबरात नौदलानं फेसबुकवर आणि जहाजावर, तळावर स्मार्टफोन वापरण्यावर बंदी घातली, कारण काही जणांना ओळखी काढून फसवलं गेलं होतं. आज तुझ्या जहाजावर जो नियम असेल तो पाळ. जहाजाचा फोटो नाही, धक्क्याचा नाही, पाठीमागे मस्तूल दिसतंय असा सेल्फी नाही. डाळपुरीचा फोटो काढ, कुणाची हरकत नाही.

आणि वहिनी, तुमच्यासाठी : "आमचा बाळ उद्या पोर्ट लुईला पोचणार, परवा निघणार" असं भावकीच्या ग्रुपवर टाकायचं नाही. त्या ग्रुपमध्ये दीडशे माणसं आहेत आणि त्यातल्या चाळीस जणांना तुम्ही ओळखत नाही. तो निघून गेल्यावर सांगा, कौतुक तेवढंच होतं. त्याला अचानक कुणी अनोळखी मुलगी "तुमच्या जहाजाबद्दल वाचलं, फार अभिमान वाटला" असं लिहायला लागली तर त्यानं ट्रेनिंग ऑफिसरला सांगावं, मित्रांना नव्हे. मित्र चिडवतील आणि तो उत्तर देऊन बसेल.

घरी फोन लिबर्टीच्या पहिल्या तासातच लाव. शेवटच्या तासात लावलास तर आई बोलणं संपवत नाही आणि तुझी बस जाते. मॉरिशसमध्ये रात्रीचे आठ वाजले की साताऱ्यात साडेनऊ.

परत ब्रोवर

अर्धा तास आधी पोच. फाटकावर कागद दाखव. ब्रो चढल्यावर क्वार्टरडेकला, म्हणजे जहाजाच्या मागच्या मानाच्या डेकला, मान देऊन तिथल्या अधिकाऱ्याला स्वतःचं नाव सांग आणि परत आल्याची नोंद आपल्या डोळ्यांसमोर करून घे. नोंद राहिली तर तू वेळेवर येऊनही अ‍ॅड्रिफ्ट ठरतोस, आणि मध्यरात्री सगळं जहाज तुला शोधतं, तू झोपलेला असताना. बॅग उघडून दाखवायला सांगितलं तर तोंड वाकडं करू नकोस.

झोपायच्या आधी सकाळचा पांढरा गणवेश टांगून ठेव आणि बूट पुसून ठेव. आठ वाजता झेंडा चढतो, त्याच्या आधी फॉलिन, म्हणजे रांगेत उभं राहणं, असतं, आणि काल किनाऱ्यावर कोण कोण गेलं होतं ते शिकवणाऱ्या उस्तादाला बरोबर आठवत असतं.

आणि तुझ्या बरोबरीचा जो ड्यूटी वॉचमुळं जहाजावर राहिला, त्याच्यासाठी डाळपुरीची एक जोडी कागदात बांधून आण. आणल्या आणल्या दे. गार झाली की चामड्यासारखी होते.